टिकल्यांखालची तीन बटणं

“काकू, तुम्ही शटर बिघडवलं! बस्स, आता मले काही ऐकायचं नाही!”

“मी बिघडवलं? पोट्ट्या, तुझ्या तोंडात दात नव्हते तेव्हापासून मी मोटरी खोलून राहिली!”

“मग हे आपोआप काहून वर-खाली होऊन राहिलं?”

आणि खरंच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, कोणी हातही न लावता, कुसुमच्या गॅरेजचं शटर खडखडत वर गेलं. थांबलं. परत खाली आलं.

भांडणारा पोट्टा म्हणजे प्रशांत, कुसुमचा एकुलता एक, बंगलोरला नोकरीला. कुसुम माझी शेजारीण, रिटायर्ड शिक्षिका. आणि स्टुलावर स्क्रूड्रायव्हर घेऊन उभी ती मी. छत्तीसगढच्या आमच्या या नव्या राजधानीत रस्ते एवढे रुंद आणि माणसं एवढी कमी, की कॉलनीतल्या तीन मराठी घरांत काही झालं तर ते पसरून विरळ होत नाही, अंगणातच साचतं. या एका शटरचंच पाहा ना! महिन्याभरात एवढं साचलं, की भांडण जरा थांबवून ते आधी सांगितलेलं बरं.

*

प्रशांतला कंपनीनं नवी गाडी दिली, म्हणून त्यानं आपली मोठी गाडी आईकडे पाठवून दिली. कुसुम चौसष्टची, पण गाडी अशी चालवते की ट्रकवाले बाजूला होतात. दर गुरुवारी ती जुन्या शहरात गुढियारीला जाते, तिथल्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, दहावीच्या पोरींना गणित शिकवायला. फुकट.

भानगड फक्त रिमोटची. शटरचे दोन रिमोट. एक मागच्या दिवाळीपासून बेपत्ता. दुसरा कधी फ्रिजमध्ये, कधी देव्हाऱ्यात, एकदा तर कणकेच्या डब्यात! तिनं हे हसत हसत फोनवर प्रशांतला सांगितलं, आणि तिथंच चुकलं. पोरगा हसलाच नाही.

“आई, तुले विसर पडून राहिला. मी येतो, गाडी विकतो, घर बंद करतो. तू माझ्याकडे चल.”

कुसुम माझ्या ओट्यावर येऊन बसली. एवढंच म्हणाली, “चौदावा मजला आहे त्याचा. मी तिथं कोणाले गणित शिकवू, लिफ्टले?”

मी म्हटलं, “रडू नको. हरवणारच नाही असा रिमोट करू!”

*

असा रिमोट गाडीतच असतो, हे मला माहीत होतं. मोठ्या गाड्यांच्या आतल्या आरशाला तीन बटणं असतात. ती शटरच्या मोटरीशी एकदा जुळवली की आरसाच रिमोट होतो. आता आरसा काय कोणी कणकेच्या डब्यात ठेवत नाही!

गाडीत बसून पाहिलं, तर आरशाखाली बटणं नाहीत. तीन टिकल्या. मरून, हिरवी आणि काळी.

“कुसुम, हे काय?”

“उन्हात टिकली सुटते ना, मग आरशाले लावून ठेवते. तिथं आधीपासूनच तीन गोल होते. बरोबर मापाचे.”

मी मरून टिकली काढली. खाली बटण!

“अगं बाई,” कुसुम म्हणाली. “मले वाटलं, कंपनीनं बायांसाठी सोय केली!”

*

गाडीचं पुस्तक सगळं इंग्रजी. मी सातवी शिकलेली. पण मिक्सर, पंखा, पाण्याचा पंप हे सगळं मी पुस्तकं वाचून, शब्दकोश मांडीवर घेऊन शिकले. कोणी शिकवलं नाही आणि मी कोणाच्या पाया पडले नाही.

तर बटणांच्या पानावर पहिलाच शब्द दिसला : ट्रेन. पुढच्या ओळीत परत ट्रेन. त्याच्या खाली ट्रेनिंग. आमचे हे रेल्वेत, सगळं आयुष्य रेल्वेच्या क्वार्टरात गेलं. मी म्हटलं, चुकीचं पुस्तक दिलं वाटते, हे इंजिनवाल्यांचं आहे! शेवटी शब्दकोश काढला. ट्रेन म्हणजे शिकवणे. बटणाला शिकवायचं!

एवढी वर्षं रुळांच्या बाजूला राहिले आणि ट्रेन शिकवते हे मला एकानंही सांगितलं नाही. सगळे नुसते बसून गेले!

*

मोटर छताला लावलेली, म्हणून शिडीवर चढायला संतरामला बोलावलं. शटर त्यानंच बसवलं होतं. राहतो बीरगांवला, वय पन्नाशीचं, बोलणं फार कमी. काहीही विचारा, छत्तीसगढीत एकच उत्तर : “हव.” म्हणजे होय.

पण हे आम्हाला माहीत. आमच्या तिसऱ्या घरातली मृणाल पुण्याची, येऊन जेमतेम तीन महिने झालेले. ती मदतीला म्हणून आली आणि शिडीजवळ उभी राहिली. मी आत गाडीत.

“भैया, शिडी ठीक है?”

“हव.”

मृणालला ऐकू आलं ‘हवं’. काय हवं असेल बिचाऱ्याला? तिनं पाणी आणून दिलं.

“और कुछ लगेगा तो बोलना हं, भैया.”

“हव.”

तिनं चहा आणला. “चाय में शक्कर बराबर है?” “हव.” तिनं आणखी दोन चमचे साखर घातली!

अर्ध्या तासानं मी बाहेर येऊन पाहते तर संतराम शिडीच्या टोकावर, एका हातात चहा, दुसऱ्या हातात बेसनाचा लाडू, बगलेत केळं. काकुळतीला येऊन मला म्हणाला, “दाई,” म्हणजे आई, “ये पुणेवाली दीदी बहुत अच्छी है, पर काम कब करूँ?”

*

आता शिकवण्याची रीत ऐका. हातातला रिमोट आरशाच्या बटणाजवळ धरायचा आणि दोन्ही एकदम दाबून ठेवायचे. आरशातला दिवा आधी हळूहळू लुकलुकतो, मग घाईघाईनं. म्हणजे बटण शिकलं. मग छतावरच्या मोटरीचं बटण दाबायचं, आणि तीस सेकंदांच्या आत गाडीतलं बटण दोनदा दाबायचं. तीसच्या वर गेलं की मोटर सगळं विसरते!

गाडीत मीच बसणार होते. पण कुसुम म्हणाली, “नाही. बटण मीच दाबीन. मले विसर पडला म्हणते ना तो?”

संतराम शिडीवर, मृणाल घड्याळ घेऊन, कुसुम गाडीच्या दाराशी. संतरामनं वरून दाबलं. मृणाल मोजायला लागली. कुसुम गाडीत बसली. दार लावलं. सीट पुढे घेतली. आरसा नीट केला. हात जोडले. सीटबेल्ट लावला. मग बटण दाबलं.

“एक्केचाळीस!” मृणाल ओरडली.

“कुसुम, बेल्ट काहून लावते? गाडी कुठं चालली?”

“नियम म्हणजे नियम!”

दुसऱ्यांदा छत्तीस. तिसऱ्यांदा तेहतीस. बेल्ट काही सोडेना! शेवटी मीच तिला आधी बेल्ट लावून बसवलं आणि मग संतरामला हाक मारली. सातव्या सेकंदाला शटर वर! कुसुमनं अशी टाळी वाजवली की हॉर्नच वाजला.

*

तो शनिवार. रविवारी सकाळी प्रशांत विमानानं आला. दुपारी गाडी घेणारा येणार होता. कुसुमनं त्याला गॅरेजसमोर खुर्चीवर बसवलं, स्वतः गाडीत बसली, बटण दाबलं. शटर वर. परत दाबलं. शटर खाली. प्रशांतचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आणि तेवढ्यात शटर आपोआप वर जायला लागलं.

तिथूनच भांडण. तो म्हणे काकूंनी बिघडवलं, मी म्हणे तुझ्या डोक्यात बिघाड आहे. तो चिडून उठायचा, हात नाचवायचा, परत धपकन बसायचा. कुसुम गाडीत तशीच, स्टिअरिंगवर दोन्ही हात. तिच्या घराचा फैसला चालला होता आणि आम्ही दोघं बोलत होतो.

मोटरीत काही दोष नव्हता. मग माझं लक्ष गेलं खुर्चीकडे. खुर्चीवर त्याची लॅपटॉपची बॅग, आणि तो बॅगेवरच बसत होता. मी स्टुलावरून उतरले.

“प्रशांत, उठ.”

उठला.

“बस.”

“काकू, काय लावलं तुम्ही...”

“बस म्हटलं ना!”

बसला. शटर वर निघालं.

“उठ. बस.”

शटर थांबलं.

“आणखी एकदा.”

शटर खाली आलं.

मी त्याला बाजूला सारलं आणि बॅगेचा बाहेरचा कप्पा उघडला. चार्जरची वायर, चुरा झालेली बिस्किटं, मागच्या दिवाळीच्या विमानाचं तिकीट. आणि त्याच्या खाली रिमोट. वर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर कुसुमच्या वळणदार अक्षरात ‘गॅरेज’.

प्रशांतचे कान लाल झाले. “मी... त्या दिवशी घाईत शटर लावलं... टॅक्सी उभी होती...”

कुसुम गाडीतून उतरली. सावकाश आली, माझ्या हातातून रिमोट घेतला आणि प्रशांतच्या गालावर हात फिरवला.

“असू दे बेटा,” ती म्हणाली, “होते असं तुझ्या वयात.”