भाऊजींची पिकअप आणि न टाकलेली पोती

...तर मोठे टायर चढवलेली ती पिकअप घेऊन भाऊजी निघाले आणि मिस्त्री दुकानाच्या दारात उभा राहून स्वतःच्याच कामाकडे डोळे भरून बघत राहिला, इथवर कालचं झालं.

आता मिस्त्रीची रीत ऐका. मोठा टायर बसवला की गाडी जॅकवरून खाली घ्यायची, मागच्या हौद्यात वाळूची पोती टाकायची आणि मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून टायर मडगार्डला घासतो का ते बघायचं. जॅकवर चाक लोंबतं, तिथं कशाला घासतंय? खरी परीक्षा वजनाखाली. गिऱ्हाईकानं कितीही घाई करू दे, पोती टाकल्याशिवाय गाडी सुटायची नाही.

पण हे पडले थोरल्या बहिणीचे यजमान. ताटं वाढलेली, ताईच्या हाका चाललेल्या, आणि भाऊजींच्या थट्टेला नुसता ऊत. "काय रे मेहुण्या, हत्तीचे पाय लावलेस, सोंड कधी बसवतोस?" हसता हसता मिस्त्रीनं जॅकवरच स्टिअरिंग फिरवलं. "झालं भाऊजी, चला जेवायला!"

दुसऱ्या दिवशी खाणीतून दगड भरून उतरताना पहिल्याच अवघड वळणावर स्टिअरिंग अडकलं आणि गाडी चरात गेली. भाऊजींना खरचटलंसुद्धा नाही. पण ओढून आणलेली गाडी दुकानापुढं उभी राहिली, आणि बघ्यांना आयतं कोलीत मिळालं.

"काका, आधी चष्म्याचा नंबर बघून घ्या!"

"तीस वर्षं चालवली म्हणे. सरळच चालवली असणार!"

भाऊजी कसंनुसं हसले. मिस्त्री तेवढ्यात चाकापाशी वाकला होता. मडगार्डची आतली बाजू टायरनं उंदरासारखी कुरतडलेली. त्याचे कान तापले. वाकलेला माणूस वर उठेचना, कारण उठलं की कुणाच्या तरी तोंडाकडे बघावं लागणार. त्याच्यावर कुणाचा संशयसुद्धा नव्हता, हेच जास्त बोचत होतं. तो नटबोल्ट पुसत बसला.

बघे पांगल्यावर भाऊजींनी किल्ली त्याच्यापुढं ठेवली. थट्टा कुठच्या कुठं गेली होती.

"विकून टाक बाबा. वळण आलं आणि हातांनी ऐकलंच नाही. उद्या कुणाच्या अंगावर घालायचो. माझं चालवणं संपलं."

ताई दारात उभी. नवऱ्याचा असा पडलेला चेहरा तिनं कधी बघितला नव्हता. "अरे, तू एवढा जाणकार," ती म्हणाली, "तूच सांग. ह्यांचे हात खरंच थकलेत का?"

मिस्त्रीनं किल्ली उचलली, भाऊजींच्या तळहातावर ठेवली आणि मान वर न करता म्हणाला,

"हात त्यांचे नाही चुकले, ताई, माझे चुकले. टायर घासून अडकला. पोती टाकून बघितलंच नाही मी. परक्याची गाडी असती, तर बघितलं असतं."