गप्प बसलं की दार उघडतं

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. सांगलीत एका घराच्या गच्चीवर उभ्या केलेल्या पत्र्याच्या खोलीत आम्ही दोघं राहत होतो. मी आष्ट्याच्या शाळेत शिक्षिका होते, रोज एसटीने जायचे-यायचे. आमचे हे हळदीच्या एका व्यापाऱ्याकडे कामाला होते. माल बघायचा, वजनं करून घ्यायची, हळद साठवायची जमिनीतली पेवं उघडायला उभं राहायचं. सकाळी आठ-नऊला आम्ही बाहेर पडत असू आणि मी परतायचे पाचला, हे दिवेलागणीला. खोली दिवसभर कुलपात असायची.

कुलूप खोलीला होतं, गच्चीला नव्हतं. आधी एक बादली गेली, मग वाळत घातलेली माझी नवी साडी. तिसऱ्यांदा तांब्याची घागर गेली तेव्हा यांनी जाहीर केलं, कुत्रं पाळायचं. लोणंदजवळ यांचं गाव आहे, तिथे यांच्या चुलत्यांच्या मळ्यातल्या कुत्रीला पिल्लं झाली होती. एक तांबूस पिल्लू पिशवीत घालून हे घेऊन आले.

घरमालकीण खालीच राहायच्या. एकट्या, साठीच्या, दिवसभर ओट्यावर बसून असायच्या. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि तिथल्या तिथे सांगून टाकलं, "ठेवा कुत्रं. पर माज्या कानावर आवाज येता कामा न्हाई. ज्या दिवशी आला त्या दिवशी खोली खाली करायची." म्हणजे राखणीला आणलेलं कुत्रं, आणि अट काय, तर भुंकायचं नाही! मला हसावं की डोकं आपटावं कळेना. पण त्या भाड्यात सांगलीत दुसरी खोली मिळाली नसती, म्हणून मी गप्प बसले.

पहिले दोन दिवस पिल्लाने घर डोक्यावर घेतलं. नवं आहे म्हणून मालकीणबाईंनी पंधरा दिवसांची सवलत दिली. तिसऱ्या दिवशी हे चुलत्यांनाच घेऊन आले. चुलते मिलिटरीतून निवृत्त झालेले. पलटणीत असताना कुत्र्यांची व्यवस्था त्यांच्याकडे असे. सगळे त्यांना आबा म्हणत. आबांनी बाजारातून चहाचं रिकामं लाकडी खोकं आणवलं, सुताराकडून त्याची एक बाजू काढून तिथे पट्ट्यांचं दार बसवून घेतलं आणि वर कडी लावली. मापही तेच सांगत होते. पिल्लाला आत उभं राहता यावं, वळता यावं, बस्स. फार मोठं असलं तर ते एका कोपऱ्यात घाण करतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात झोपतं. यांनी आपल्या मनाने गिरमिटाने चारही बाजूंना भोकं पाडली. पेवाचं झाकण काढल्यावर आत कंदील सोडून बघतात, तो विझला तर माणूस उतरत नाही. बंद जागेतल्या हवेची धास्ती यांना कामावरूनच लागलेली होती.

आबांची शिकवण साधी होती. खोकं ही शिक्षा नव्हे, ते पिल्लाचं घर. खाणं आत द्यायचं. दार एक मिनिट लावायचं, मग दोन, मग पाच. रडलं तर वळूनसुद्धा बघायचं नाही. गप्प झालं की दहा आकडे मोजायचे आणि उघडायचं. "रडल्यावर उगडलंत तर रडायला शिकंल," आबा म्हणाले. "त्याला एवडंच कळलं पायजे, गप बसलं की दार उगडतंय."

मला ते एकदम पटलं. वर्गात तरी मी दुसरं काय करत होते? हाताची घडी, तोंडावर बोट. जो गप्प बसेल त्याला आधी सुट्टी. मी आठ दिवसांची रजा काढली आणि पिल्लाला शिकवायला बसले. आठव्या दिवशी ते खोक्यात जाऊन बसायचं, दार लावलं की हूं की चूं करायचं नाही, आणि पट्ट्यांमधून माझ्याकडे टक लावून बघत राहायचं. माझ्या आख्ख्या नोकरीत इतका चांगला विद्यार्थी मला मिळाला नव्हता, असं मी शाळेत सांगत सुटले.

जाताना आबांनी एक गोष्ट मात्र दोनदा बजावली. "चार तासांच्या वर न्हाई ठेवायचं, सूनबाई. शिपायाची बी ड्यूटी बदलती." म्हणून आम्ही ठरवलं, मी नऊला दार लावायचं आणि एक वाजता यांनी सायकलवर येऊन उघडायचं. पिल्लाला खाली फिरवायचं, पाणी पाजायचं, खिडकी उघडायची, त्याला परत आत घालून खोक्यावर ओलं पोतं टाकायचं आणि कामावर जायचं. पाचला मी येऊन उघडायचे. यांनी एक दिवस चुकवला नाही. मालकीणबाई जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "लय गुणी हाय हो तुमचं पिल्लू." मी अशी खूश व्हायचे की विचारू नका.

मार्च लागला. आष्ट्यात परीक्षा आणि सांगलीत हळदीचा हंगाम, दोन्ही एकदमच आलं. एका संध्याकाळी मी पेपर तपासत होते आणि हे जेवता जेवता काहीतरी सांगत होते. मी "हं, हं" करत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी हे जिन्यावरून ओरडले, "येतो गं." मी मोरीत भांडी घासत होते. तिथूनच विचारलं, "दुपारी येताय ना?"

"येतो, येतो," हे म्हणाले आणि गेले.

नऊ वाजता मी पिल्लाला खोक्यात घातलं, कडी लावली, खोलीला कुलूप घातलं आणि एसटी पकडली.

दुपारी अडीचच्या सुमाराला शाळेचा शिपाई वर्गाच्या दारात आला. "बाई, तुमचं मालक आल्यात." मला वाटलं, याचं काहीतरी चुकतंय. बाहेर येऊन बघते तर लिंबाखाली खरंच हे उभे, हातात कागदात बांधलेली भजी, चेहऱ्यावर हसू. "म्हटलं होतं न्हवं, दुपारी येतो?" हे म्हणाले. "माल बघून झाला. ट्रक हाय. संगंच जाऊ."

आदल्या संध्याकाळी जेवताना हे तेच सांगत होते. उद्या आष्ट्याला माल बघायला जायचंय, दुपारी शाळेवर येतो, आणि पिल्लाला उघडायला तुला शेजारी कुणाला तरी किल्ली देऊन जावं लागेल. मी "हं" म्हणाले होते. सकाळी मी विचारलं ते घरी येण्याबद्दल, आणि यांनी सांगितलं ते शाळेवर येण्याबद्दल. मी विचारलं तेही खरं होतं आणि यांनी सांगितलं तेही खरं होतं.

"किल्ली?" मी म्हटलं.

यांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि किल्ली बाहेर काढली. दुसरी माझ्या पर्समध्ये होती. दोन्ही किल्ल्या आष्ट्यात, आणि पिल्लू सांगलीला, तापलेल्या पत्र्याखाली, साडेपाच तास झालेलं. यांच्या तोंडावरचं हसू कधी गेलं ते मी पाहिलंच नाही, कारण मी हेडमास्तरांच्या खोलीकडे पळत सुटले होते. हेडमास्तर म्हणाले, "कुत्र्यासाठी रजा?" मी म्हटलं, "हो, कुत्र्यासाठी," आणि त्यांच्या उत्तराला थांबलेही नाही.

ट्रक हळदीच्या पोत्यांनी भरलेला होता. आम्ही ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीने बसलो. एरवी तो रस्ता मला पाठ होता, पण त्या दिवशी तो संपता संपेना. पुढे कारखान्याला निघालेल्या उसाच्या बैलगाड्या लागल्या, एकामागे एक, दहा तरी असतील. ड्रायव्हरने हॉर्न वाजवून वाजवून कान किटवले. गाडीवान मागे बघायलाही तयार नव्हते.

"हवा हाय आत," हे म्हणाले. "मी भोकं पाडल्यात."

"हवा आहे, पण कसली? भट्टीची!" मी म्हटलं. "पाणी आहे का आत? खिडकी उघडी आहे का?"

"मी सांगितलं होतं तुला."

"कधी? मी पेपर तपासत होते, दिसत नव्हतं तुम्हाला?"

ड्रायव्हर मान खाली घालून स्टिअरिंग धरून बसला होता. मला यांचा राग आला होता, बैलगाड्यांचा आला होता, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. मग एकाएकी मला वाटलं, मालकीणबाई आहेत ना! पिल्लू ओरडलं असेल, त्यांनी कुलूप फोडलं असेल. खोली गेली तर जाऊ दे. ओरड रे बाबा, एवढंच मी मनात म्हणत होते. अख्ख्या रस्त्याने दुसरं काही सुचलं नाही.

सव्वाचारला आम्ही घरापाशी उतरलो. मालकीणबाई नेहमीसारख्या ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला लवकर आलेली पाहून त्या हसल्या.

"पिल्लू ओरडलं का हो?" मी विचारलं.

"छ्या! अजाबात न्हाई," त्या कौतुकाने म्हणाल्या. "दुपारी तुमच्या मालकांची सायकल बी दिसली न्हाई. म्हटलं, आज पिल्लाला संगं नेलंय काय की. लय गुणी हाय."

हे दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. कुलूप तापून हाताला चटका देत होतं. दार उघडलं आणि आतली हवा तोंडावर आली. खोक्यातून काही आवाज नव्हता.

मी गुडघ्यांवर बसले. पिल्लू आडवं पडलेलं होतं, नाक पट्ट्यांच्या फटीत खुपसलेलं, जीभ बाहेर, पोट भराभर हलत होतं. पट्ट्या कुरतडलेल्या होत्या आणि त्यांना रक्त लागलेलं होतं. मला बघितल्यावर ते उठायला धडपडलं. पुढचे पाय टेकले, घसरले, पुन्हा टेकले. थरथरत ते बसलं, जीभ आत घेतली, तोंड मिटलं आणि माझ्याकडे टक लावून बघू लागलं.

दार उघडावं म्हणून ते गप्प बसलं होतं. आत्ताच नाही, दिवसभर. जितकी तहान लागली असेल, जितकं भाजलं असेल, तितकं ते जास्त गप्प बसलं असेल, कारण मी त्याला तसंच शिकवलं होतं. दात रक्ताळेपर्यंत त्याने पट्ट्या कुरतडल्या, पण आवाज केला नाही.

कडी यांनीच काढली. पिल्लाला उचलून आम्ही जिन्याखालच्या गारव्यात आणलं. मालकीणबाई माठातलं पाणी घेऊन धावल्या. यांनी पोतं भिजवून त्याच्याखाली अंथरलं, मी ओल्या पदराने त्याचे पाय, कान, पोट पुसत होते आणि बोटाने थेंब थेंब पाणी ओठांना लावत होते. मालकीणबाई शेजारी उकिडव्या बसून म्हणाल्या, "आरं, येक हाक मारायची न्हाई व्हय रं? मी हितंच बसल्ये की सकाळधरनं!"

माझा तोल गेला. "कशी मारणार हाक?" मी किंचाळलेच. "तुम्हीच म्हणालात ना, कानावर आवाज आला तर खोली खाली करा! म्हणून गप्प बसायला शिकवलं मी त्याला. घ्या आता, बसलंय गप्प!"

हे म्हणाले, "अगं." मालकीणबाईंनी तांब्या माझ्या हातात दिला आणि स्वतः पदराने पिल्लाला वारा घालत राहिल्या. मलाही ठाऊक होतं की आठ दिवस रजा काढून शिकवणारी मी होते, त्या नव्हत्या.

दिवे लागायच्या वेळेला पिल्लू उठलं. वाटीभर पाणी प्यायलं, चार पावलं डगमगत गेलं आणि मालकीणबाईंच्या उंबऱ्यावरच्या रांगोळीवर मुतलं. एरवी त्यांनी काय केलं असतं कोण जाणे. त्या दिवशी त्यांनी डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी तिसरी किल्ली करून आम्ही मालकीणबाईंकडे दिली. यांनी दारातून "येतो" म्हटलं की मी "कुठे?" असं विचारू लागले, ते आजतागायत. पण खरं काम पुढेच होतं. शिकवायला आठ दिवस लागले होते, ते मोडायला दोन महिने गेले. मी पिल्लाला खोक्यात घालायचे, दार मिनिटभर लावायचे आणि समोर बसायचे. ते ताठ बसून, तोंड मिटून माझ्याकडे बघायचं, केवढ्या विश्वासाने! मी म्हणायचे, "ओरड रे." ते आणखीच गप्प व्हायचं. शेवटी मलाच रडू यायचं आणि मी दार उघडायचे. एका रविवारी त्याच्या घशातून अगदी बारीक कुंई झालं. मी झटकन दार उघडलं आणि गुळाचा खडा भरवला. मग रोज थोडं थोडं.

मे महिन्याच्या सुट्टीत एक दिवस मी जिन्यावर धान्य पाखडत होते. वरून, खोक्यातून, पिल्लू भुंकलं. कुंई नव्हे, चांगलं खणखणीत भुंकलं, तीनदा. हातातलं सूप तसंच राहिलं. खाली मालकीणबाई ओट्यावरून उठल्या, जिन्यापाशी आल्या, कमरेवर हात ठेवून वर बघू लागल्या. मला वाटलं, झालं, गेली खोली.

"ते भुकलं न्हवं?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"आवं बाई, मग बसून काय ऱ्हायलाय?" त्या माझ्यावर खेकसल्या. "बोलावतंय ते. दार उगडा की!"