जगभरचं गवत पाहिलेले पहिलवान

एवढं जग फिरून एवढं कमी पाहिलेला माणूस उभ्या दोहा शहरात दुसरा नसेल. अल थुमामाला आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, राहणारे हे गोरे गृहस्थ ऐन उमेदीत वेल्सकडून रग्बी खेळले, देशोदेशी गाजले, आणि तिथं काय पाहिलंत म्हणून विचारलं की म्हणायचे, "गवत." कारण त्यांची जागा स्क्रममध्ये, पहिल्या रांगेत. स्क्रम म्हणजे आठ जणांनी खांद्यांत खांदे अडकवून, डोकी खाली घालून समोरच्या आठांना रेटणं. आमच्या घरात त्यांचं नाव पहिलवान. मान नाहीच, डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं, आणि कान मळून विसरलेल्या कणकेसारखे. नोकरी हमद पोर्टवर, क्रेनच्या देखरेखीची. पण आमचं कपाट सरकवायला यायचे तेव्हा क्रेन तेच. दुसऱ्या बाजूने माझाही हातभार लागतो असा माझा समज होता. "अहो, तुम्ही नुसते टेकलायत कपाटाला," ही म्हणाली. संध्याकाळी बागेतल्या हिरवळीवरून हात फिरवून ते निकाल द्यायचे, "पाणी पितं, पण पाय धरत नाही." मी आदराने मान डोलवायचो. मला अजून कोथिंबीर आणि पुदिना वेगळे ओळखता येत नाहीत.

त्यांचं गाव लोखंडाचं. कुठल्या कुठल्या देशांतले रेल्वेचे रूळ म्हणे तिथल्या भट्ट्यांतून निघाले. आजोबा भट्टीवर, वडील भट्टीवर, आणि शनिवारी दुपारी सगळे मैदानावर. भट्ट्या कधीच विझल्या; एक धुरांडं उरलं होतं, तेही पाडायचा दिवस ठरला, नेमका यांचं इथलं कंत्राट संपत होतं त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. "त्याच्या सावलीत जन्मभर मान खाली घालून रेटलं," ते म्हणाले. "पडायच्या आधी एकदा मान वर करून बघायचंय."

कंत्राट संपलं त्याच संध्याकाळचं विमान. निरोपाचं जेवण वाळवंटातच, हा हट्ट माझा. त्यांच्या सामानासकट गाडी वाळूत रुतवली तीही मीच. तिला ओढायला आलेली दुसरी गाडीही शेजारी रुतून बसली. आम्ही इथल्या मराठी मंडळाचे सात जण, सगळे इंजिनिअर, म्हणजे मतं सात. शेवटी "गणपती बाप्पा मोरया" म्हणत ढकललं. निम्म्यांनी "बाप्पा"ला जोर लावला, निम्म्यांनी "मोरया"ला. गाडी आणखी खाली गेली. "खलास," कुणीतरी पुटपुटलं. पहिलवानांनी घड्याळाकडे बघणंही सोडून दिलं होतं.

मग ते उठले. आम्हाला रांगांत लावलं, मधोमध स्वतः वाकले, माझा पट्टा मुठीत धरला. "पाठ सपाट. शेजाऱ्याला सोडायचं नाही. आणि देवाचं नाव पुरतं होऊ द्या, मोरयाला रेटा. यल्ला!" स्टिअरिंगवर ही. मला फक्त वाळू दिसत होती, आणि खांद्याला लागलेली एक भिंत पुढे चालत होती. गवत पाहणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. तिसऱ्या मोरयाला गाडी निघाली.

विमान मिळालं. पुढे एक फोटो आला. सगळं गाव धुरांड्याच्या ढिगाऱ्याकडे बघतंय आणि पहिलवान तेवढे मान वर करून रिकाम्या आभाळाकडे. मी फोन केला. "वेळेत पोचलात ना?"

"पोचलो. पाहिलं उभं," ते म्हणाले. "मान खाली करवेना मग."

वर आता नवे भाडेकरू आलेत, हलक्या पावलांचे. कपाट पुन्हा खिडकीशी न्यायचं, असं ही म्हणते. मी जाऊन त्याला टेकून उभा राहतो.