झुंबरबाईनं पकडलेलं पाणी

झुंबरबाईचा जन्मच मुळी संशय घ्यायला झाला, असं अख्खं गाव म्हणायचं. वारणानगरच्या वाटेवरच्या त्या गावात दूध संस्थेवर दूध तपासायला तीच बसायची. किटलीचं झाकण उघडायच्या आधी माणूस तिच्या तोंडाकडं बघायचा. सख्ख्या भावाचं दूध तिनं चारचौघांत परत पाठवलं. "पाणी हाय. न्या घरला." भाऊ वर्षभर बोलला नाही. नको बोलू दे, हिला काय!

असल्या बाईनं नवऱ्याला, पिराजीला, स्वतःची किडनी दिली. देताना मागंपुढं बघितलं नाही. पण दिली म्हणजे काय सोडून दिली व्हय? शरीरानं ती परकी किडनी झिडकारू नये म्हणून पिराजीला रोज गोळ्या होत्या, आणि गोळ्यांपेक्षा कडक झुंबरबाई. भाजीत मीठ नावाला, लोणच्याची बरणी कुलपात. बाहेरनं आला की आधी तोंडाचा वास.

मग पिराजीचं तोंड सुजायला लागलं. गाल फुगले, डोळ्यांखाली पिशव्या आल्या. झुंबरबाईच्या मनात पाल चुकचुकली.

"कुणाच्यात रस्सा वरपून आलासा?"

"आईशप्पत न्हाई गं."

"मग ह्ये पाणी कुठलं अंगात? माझी किडनी हाय ती, जत्रंतनं आणल्याली न्हवं!"

तिनं तालमीपुढं जाऊन त्याच्या दोस्तांना खडसावलं, शर्टाचे खिसे हुंगले. काही सापडलं नाही, म्हणून तर संशय आणखी बळावला. त्यात पिराजी घरातसुद्धा मोजे घालून वावरायला लागला. थंडी वाजतीया म्हणे. ऐन चैत्रात! एका दुपारी तो झोपला असताना तिनं मोजा ओढलाच. पाय टम्म फुगलेला. बोटानं दाबलं तर खड्डा पडला, तो भरून येईना. तसंच त्याला घेऊन तिनं कोल्हापूर गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या बघितल्या. "खाण्याचा दोष नाही. स्टेरॉइडच्या गोळीनं अंगात मीठ-पाणी साठतंय. डोस बदलू. पण किडनीवर ताण यायला लागलाय. सूज दिसल्या दिसल्या का नाही आलात?"

पिराजीनं मान खाली घातली. "तोंड सुजलं तर हिनं चोर ठरिवलं. पाय कुठल्या तोंडानं दावू?"

उभ्या जन्मात पहिल्यांदा झुंबरबाईनं चोख दूध परत पाठवलं होतं. "चुकलं वो माझं," म्हणत ती तिथंच खाली बसली आणि हलक्या हातानं त्याचा दुसरा मोजा काढायला लागली.