वाकड्या ‘ळ’चा टॅग

माझी सगळी नोकरी मीटरच्या काट्याकडे बघण्यात गेली आहे. भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात मी टेस्टिंगला आहे. जे मोजता येत नाही ते मी मानत नाही, आणि कोणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण दीड वर्ष झालं, डोक्यातून जात नाही. तुमच्यात कोणी इलेक्ट्रिकलवाले असतील तर शेवटपर्यंत वाचा आणि माझं कुठे चुकतंय ते सांगा. रागावणार नाही. (रागावते मी, पण सांगा.)

आम्ही दोघीच राहतो, मी आणि आई. टाउनशिपमधलं जुनं क्वार्टर, अवधपुरीच्या बाजूचं. बाबा याच कारखान्यात मेंटेनन्सला होते. हे घडलं तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

आता टॅगचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मेंटेनन्सवाल्या प्रत्येकाला स्वतःच्या नावाचा लाल पत्र्याचा टॅग मिळतो. मशीनवर काम करायचं तर आधी स्विच बंद करायचा आणि त्यावर आपला टॅग अडकवायचा. त्यावर लिहिलेलं असतं – ‘काम चालू है, स्विच न लगाएँ’ – आणि खाली नाव. ज्याने लावला त्यानेच तो काढायचा, मोठ्या साहेबानेही हात लावायचा नाही. एकदा बाबा टॅग काढायला विसरून घरी आले, तर कारखान्याची जीप न्यायला आली होती. जेवणावरून उठून गेले.

आमचं आडनाव मुळे. पण पेंटर पडला हिंदीवाला, त्याने टॅगवर ‘मुले’ लिहिलं. सगळा कारखानाच बाबांना ‘मुले साहब’ म्हणायचा. बाबांनी तो ‘ल’ खरवडून टोच्याने तिथे ‘ळ’ कोरला... वाकडा, एका बाजूला कललेला. घरात साधा पंखा पुसायचा असला तरी ते टॅग घरी आणून बोर्डावर अडकवायचे. आई म्हणायची, “तीन माणसांच्या घरात ही कसली थेरं!”

आईची बोटं संधिवाताने वाकडी झाली, म्हणून मी डिशवॉशर घेतला. स्वयंपाकघरात जागा नाही, म्हणून मागच्या मोरीत बसवला. आईचा आधी विश्वासच नव्हता – “नुसती उभी करून भांडी निघतात होय!” – मग मात्र ती त्याच्या प्रेमातच पडली. तिला ऐकू कमी येतं. मशीन चालू आहे की नाही ते कळावं म्हणून ती त्यावर तळहात ठेवून उभी राहायची, आतलं पाणी गरम होऊन पत्रा कोमट लागेपर्यंत.

सहा महिन्यांनी मशीनने नाटकं सुरू केली. पाणी घ्यायची, आणि ते तापायची वेळ आली की थांबायची. टीं टीं टीं... आणि स्क्रीनवर गळतीचा कोड. मशीनच्या तळाला एक ट्रे असतो, त्यात छोटा तरंगता ठोकळा. ट्रेमध्ये पाणी साचलं की ठोकळा वर उचलला जातो आणि मशीन बंद पडते. बस, एवढाच तो सेन्सर. पण ट्रे कोरडा ठणठणीत! कंपनीचा मेकॅनिक येऊन सेन्सर बदलून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी स्वतः मीटर लावून तपासला, एकदा नाही, रोज. सेन्सर ओके. ट्रे कोरडा. तरी पाणी तापायच्या वेळी – टीं टीं टीं. आठवडाभर हेच.

तो रविवार होता, दुपारचे चार. आईच्या भजनी मंडळाच्या बायका जेवून गेल्या होत्या आणि मोरीत भांड्यांचा ढीग. बघते तर आई त्या बोटांनी ताटं घासायला बसलेली.

“राहू दे गं,” ती म्हणाली, “दहा ताटं तर आहेत. ती मशीन काय आपल्या नशिबात नाही.”

मला इतका राग आला... मशीनचा, मेकॅनिकचा, स्वतःचा. म्हटलं, बास झालं, आता सेन्सरच बायपास करते. म्हणजे त्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना पिळून टाकायच्या; मशीनला वाटतं सगळं ठीक आहे. कारखान्यात कोणी असं केलं तर मी स्वतः त्याची तक्रार करीन. पण आमच्या लाइनमध्ये प्रत्येकाने एकदा तरी हे केलेलं असतं, खोटं का बोला.

मशीनचा स्विच पुढच्या पॅसेजमधल्या बोर्डावर आहे, दाराच्याही वर. स्टुलावर चढून तो बंद केला. मागे आले, वायरी पिळल्या, आईने भांडी लावली. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. “आई, चालू करतेय गं!” म्हणून ओरडले. तिने मान हलवली. पुढे गेले, स्टुलावर चढले, हात वर केला...

स्विचवर टॅग लटकत होता.

पहिल्यांदा चिडलेच. म्हटलं, आईला काय आता म्हातारचळ लागला का! मग तो ‘ळ’ दिसला. वाकडा, एका बाजूला कललेला.

आणि मग आठवलं. बाबा रिटायर झाले तेव्हा टॅग जमा करायला मीच त्यांच्याबरोबर स्टोअरमध्ये गेले होते. तिथल्या क्लार्कने पत्रा कापायच्या कात्रीने माझ्यासमोर तो मधोमध कापला होता. 

हा टॅग अख्खा होता. कुठे कापलेलं नाही, जोडलेलं नाही.

खरं सांगते, काढून फेकायला दोन सेकंद लागले असते. हात पुढे गेलाही. पण काढवेना. ज्याने लावला त्यानेच काढायचा, हे लहानपणापासून इतकं ऐकलंय की बोटंच मिटली.  खाली उतरले आणि आईला विचारायला मोरीकडे गेले.

आई ओल्या फरशीवर अनवाणी उभी होती. दोन्ही तळहात मशीनवर.

“झाली का सुरू?” ती म्हणाली. “हाताला काही लागत नाहीये.”

“आई, टॅग तू लावलास?” तीनदा ओरडून विचारावं लागलं.

“कुठला टॅग? ह्यांचा? अगं, तो तर कापला ना मेल्यांनी! दोन दिवस नीट जेवले नव्हते हे.” आणि माझ्या तोंडाकडे बघून – “काय झालं गं? अशी काय पांढरी पडलीस?”

मी तिला दंडाला धरून तिथून बाजूला ओढलं. का, ते मलाही माहीत नव्हतं. मग मशीनची पिन काढली, इन्सुलेशन मोजायचं मीटर आणलं आणि सेन्सर सोडून बाकी सगळं तपासायला बसले, जे मी आठवडाभर केलं नव्हतं.

हीटर फुटलेला होता. आतली वायर थेट मशीनच्या पत्र्याला टेकलेली. मीटरवर इन्सुलेशन शून्य. सॉकेट उघडला, तर अर्थिंगची वायर तुटून आत लोंबत होती. म्हणजे पाणी तापायला लागलं असतं त्या क्षणी सगळ्या पत्र्यात करंट, आणि स्विच ट्रिपसुद्धा झाला नसता. ओली फरशी, अनवाणी पाय, दोन्ही तळहात मशीनवर... आणि स्विच लावणारी मी.

मोरीतच बसले आणि रडले. आई डोक्यावरून हात फिरवत राहिली, काय झालंय ते न कळताच.

दुसऱ्या दिवशी इंद्रपुरीहून मिश्राकाका आले. बाबांचे जोडीदार, कारखान्यात तीस वर्षं एकाच विभागात. स्टुलावर चढून चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले.

“डुप्लिकेट बनवा लिया होगा मुले साहब ने,” ते म्हणाले. मग खाली उतरून हळूच, “मगर बेटा, लगाया किसने?”

पुढचं दार आतून बंद होतं. आईला गुडघ्यांमुळे पाटावरसुद्धा चढता येत नाही. मी लावला नाही, एवढं मी शपथेवर सांगते... पण रागाच्या भरात माणूस काहीही करतो असं कोणी म्हटलं, तर त्यावरही विचार करून झालाय. पण लावायला टॅग हवा ना हातात!

आणि दुसरं. हीटर बदलला, अर्थिंग नीट केलं, सेन्सरच्या वायरी सोडवून पूर्वीसारख्या जोडल्या. सेन्सर तोच, ट्रे तोच. त्या दिवसापासून मशीन एकदाही थांबलेली नाही. हीटरचा आणि त्या ठोकळ्याचा आपसात काहीही संबंध नाही, मी सर्किट तीनदा कागदावर काढून बघितलंय. मग आठवडाभर पाणी तापायच्या आधी नेमकं कोण थांबवत होतं?  तुमच्याकडे उत्तर असेल तर लिहा.

मशीनला मी दुसऱ्या स्विचवरून नवी लाइन घेतली. जुना स्विच तसाच बंद आहे.

गेल्या महिन्यात टाउनशिपचा इलेक्ट्रिशियन बोर्ड बदलायला आला होता. शिडीवर चढला आणि “मैडम, ये पुराना टैग निकाल दूँ?” म्हणून त्याने हात वर केला. मी काही बोलायच्या आत आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला हाक मारली तरी ऐकू येत नाही. हे कसं ऐकू गेलं कोणास ठाऊक.

“भैया, हाथ मत लगाना,” ती म्हणाली. “उनका काम चालू है.”