नाशिकच्या संगणकात अडकलेली ललिता

ललिता कुंजीर हडपसरच्या आमच्या पंपांच्या डेपोत आली, तेव्हा संगणक म्हणजे काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं एवढंच तिला ठाऊक होतं. मला त्याहून फार ठाऊक नव्हतं, आणि मी तर डेपोची व्यवस्थापक होते. खरा संगणक नाशिकच्या मुख्य कचेरीत. आमच्याकडं नुसता पडदा आणि कीबोर्ड. बोलणं टेलिफोनच्या तारेतून. लोणी काळभोरहून बसनं यायचं, डबा खणात टाकायचा आणि पंपाचा कुठला सुटा भाग कुठल्या डेपोत शिल्लक आहे ते दिवसभर नाशिकला विचारत बसायचं, हे तिचं काम. उठताना निरोपाचा शब्द टाइप करायचा, की नाशिकचा संगणक तिचं उघडं पान मिटून बाकीच्या डेपोंना मोकळं करी. बस सुटत असली तरी तिनं तो कधी चुकवला नाही.

सत्त्याण्णव साली रविराज नावाचा इंजिनिअर मुख्य कचेरीतून आला. त्यानं हिरवा पडदा हलवून पीसी मांडला. आता पंपाचं रंगीत चित्र दिसे, त्यावर माऊस नेऊन क्लिक केलं की भाग उघडत. मागं नाशिकची तीच जुनी पानं, वरून रंगरंगोटी. उठताना कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करायचं, की निरोप आपोआप जाई.

"मॅडम, हे आता कुणीही करेल," तो मला म्हणाला. ललिता समोरच बसली होती.

ललिताच्या जागी त्याच्या मनात डिप्लोमा झालेली तनुजा होती. खुर्ची कुणाला द्यायची ते दिवाळीपर्यंत मी ठरवायचं होतं. खुर्ची गेली तर ललिता पॅकिंगच्या शेडमध्ये जाणार, आणि हंगाम संपला की शेडमधल्या बायकांना घरी बसवत. तिला हे माहीत होतं.

मग आली खंडेनवमी. वजनकाटा, टाइपरायटर, पीसी, सगळ्यांना हळदकुंकू. आमचे हिशेबनीस दशरथ आरतीचं ताट घेऊन घाई करत होते. चालू हत्याराची पूजा करत नाहीत, ते निजलेलं पाहिजे. ललितानं सरळ मागचा खटका दाबला, पडदा विझला, हार घातला.

पेढे वाटून होतात तोच नाशिकहून पोपटरावांचा फोन. तिथल्या यंत्राची देखभाल त्यांच्याकडं.

"मॅडम, ललिताबाईंना उठवा की. पंपाच्या सीलचं पान धरून बसल्यात. नागपूर डेपोला गिऱ्हाईक उभं आहे, माल देता येईना."

"त्या माझ्यासमोर पेढा खातायत."

"आमच्या हिशेबी आत आहेत."

रविराज धावत आला. "हार काढा, चालू करा!"

"पुजलेल्याला आज हात लावायचा नसतो," दशरथ म्हणाले.

"दशरथ, देव इथं आहे, गिऱ्हाईक नागपूरला आहे. सरका," मी म्हटलं.

हार ललितानंच उतरवला. पीसी चालू झाला, तिनं आपलं नाव टाकलं, आणि उत्तर आलं की या नावाची व्यक्ती आधीच काम करते आहे.

"आता गं बया! मी हितं हाय, अन् त्यो म्हंतोय मी आत हाय."

दशरथ हसले. रविराज हसला नाही. पहिल्याच महिन्यात त्याच्या चित्रांची अशी बोंब झालेली त्याला नको होती. हळूच म्हणाला, "लाइन तुटली म्हणून सांगा. रोजच तुटते, कोण विचारतंय?"

ललितानं माझ्याकडं पाहिलं. मी फोन तिच्याकडं सरकवला. तिनं फोन घेतला.

"पोपटभाऊ, लाइन तुटल्याली न्हाई. पान उघडंच ठिवून मी खटका दाबला. मला भाईर काढा."

"बाई, नोंद होईल हं तुमच्या नावावर."

"होऊ द्या. तिकडं माणूस खोळंबलाय न्हवं?"

पोपटरावांनी तिला बाहेर काढलं. नागपूरचा माल सुटला.

"बघितलंत मॅडम? यांना यंत्र कळतच नाही," रविराज म्हणाला.

"नाही कळत. पण लाइन तुटली म्हणाली असती, तर तुमची माणसं संध्याकाळपर्यंत तार तपासत बसली असती आणि नागपूरचा माणूस हात हलवत गेला असता."

दिवाळीआधी मी ललिताचं नाव पाठवलं. चूक झाल्याबरोबर सांगणारं माणूस मला त्या खुर्चीत हवं होतं. क्लिक करायला काय, कुणीही शिकतं. तनुजाला दुसरीकडं जास्त पगाराची नोकरी लागली, तेव्हा त्या बाजूनं रडण्यासारखं काही झालं नाही.

ललिता त्याच खुर्चीतून निवृत्त झाली. तोवर पीसी कितीदा बदलले, पण खंडेनवमीला हाराची पुडी उघडण्याआधी ती नाशिकला फोन लावायचीच.

"पोपटभाऊ, मी आत न्हाई ना?"

"नाही बाई, बाहेर आहात. घाला हार."