बरबड्याची भाकरी आणि मुलाखत

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी मी तिथल्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवत होते. दुष्काळात माणसं कोणत्या रानवनस्पती खातात, याच्या वह्या मी दहा वर्षं भरत आले होते. माहूरच्या डोंगरापासून देवणीच्या माळापर्यंत हिंडून, बायकांना विचारून, पानं वर्तमानपत्रात दाबून ठेवलेली. कमी होती ती चांगल्या सूक्ष्मदर्शकाची आणि ग्रंथालयाची. म्हणून एका मोठ्या विद्यापीठाच्या संस्थेत सहा महिन्यांसाठी अभ्यागत संशोधक म्हणून अर्ज केला.

अर्ज परत आला. 'जिल्हा : लातूर' याखाली तांबडी रेघ, आणि शेरा, 'जिल्ह्याचे नाव अचूक लिहावे.' मी कॉलेजातून फोन लावला.

तिथला कारकून म्हणाला, "बाई, आमच्या यादीत लातूर तालुका आहे."

"अहो, जिल्हा झालाय आता. पेपरात आलंय."

"आमच्याकडं परिपत्रक आलेलं नाही. कलेक्टर कचेरीचा दाखला जोडा."

कलेक्टर कचेरी उसन्या इमारतीत बसली होती. तिथला बाबू हसून म्हणाला, "दाखला देतो की, पण शिक्का अजून यायचाय." बिनशिक्क्याचा दाखला संस्थेला चालणार नव्हता. शेवटी मी आमच्या जुन्या जिल्ह्याचं नाव, 'उस्मानाबाद', लिहिलं. जिल्हा व्हावा म्हणून मोर्च्यात घसा बसेपर्यंत ओरडलेली मी, एका कारकुनाच्या यादीसाठी दोन मिनिटांत फितूर झाले. त्या संस्थेतल्या लोकांची मला किळस येते हे खरं, पण किळसेची सुरुवात माझ्यापासूनच करायला हवी.

मुलाखतीचं बोलावणं आलं. मला वाटलं, नुसत्या वह्या दाखवून भागायचं नाही. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या भागातल्या कित्येक घरांनी बरबड्याच्या बिया दळून भाकरी केली होती. बरबडा म्हणजे ज्वारीच्या रानात माजणारं तण. सासूबाईंनी ती भाकरी महिनोन् महिने खाल्लेली. मी त्यांना म्हटलं, "आत्याबाई, एक करून द्या. साहेबांना दाखवायची हाय."

त्यांनी पीठ मळलं, पण थापताना हात थांबवून म्हणाल्या, "न्हेऊ नगं. उपाशी दिवसाचं असं डब्यात घालून मिरवू नाही."

मी ऐकलं नाही. शिकलेल्या सुनांना सासूचं ऐकायची सवय नसते.

मुलाखतीला तिघं होते. मधले संचालक. त्यांनी वह्या उघडल्याच नाहीत, पुठ्ठ्यावरच बोटं वाजवत विचारलं, "सहा महिने घर कोण सांभाळणार?"

"घरचे हायेत, सर," मी म्हणाले. 'हायेत' ऐकून डावीकडचे गृहस्थ गालात हसले. आमची बोली ऐकली की या लोकांना गुदगुल्या होतात. बोलणारी माणसं मेली तरी चालतील, शब्द तेवढा गमतीचा हवा.

मग मी डबा उघडला. काळपट, कडक झालेली भाकरी. तिघंही एकदम जागे झाले. संचालकांनी नखाएवढा तुकडा मोडला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले, जणू कुठलासा काढा चाखत होते. डावीकडच्यांनी चावून रुमालात थुंकला आणि रुमालाची नीट घडी घातली. "इंटरेस्टिंग!" संचालक म्हणाले. "हे माणसं खातात?"

"माझ्या सासूबाईंनी खाल्लीय, सर."

"अजून आहेत का त्या?"

असं त्यांनी विचारलं. एखादा दुर्मिळ नमुना हयात आहे का, तसं. आणि मी, देवा, "हो सर" म्हणून हसले. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

निवड झाली. पत्रात लिहिलं होतं की वार्षिक प्रदर्शनासाठी 'सदर भाकरीचे काही नग' आणावेत, आणि शक्य असल्यास ती करणाऱ्या वृद्धेलाही. मी पत्र आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्या ज्वारी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हनावं, प्रदर्शनात तुम्हीच बसा. उपाशी बसा म्हनावं आठ दिस, मंजे लोक बघायला येतील."

हे वाक्य जसंच्या तसं लिहून पाठवायचा मोह झाला होता. तेवढी छाती माझ्यात नव्हती. मी लिहिलं, 'भाकरी किंवा माणूस पाठवता येणार नाही. मी स्वतः रुजू होत आहे.'

मी गेले. सहा महिने काम केलं, भरपूर केलं. जागा कोपऱ्यातल्या टेबलाशी मिळाली, पण सूक्ष्मदर्शक चांगला होता. संचालक जिन्यात समोर आले की भिंतीकडं बघायचे. मला त्याचं काही वाटलं नाही. वाटायला त्या माणसाबद्दल आधी थोडा तरी आदर शिल्लक असावा लागतो.